मास्तरांची एक बाजू

निरगुडसरच्या भगवंताला पुण्याहून फोन आला, तेव्हा तो गोठ्यात शेण भरत होता.

"तुमची 'वळचण' आम्हाला पुन्हा काढायचीय. मोठ्या काळ्या रेकॉर्डवर!" पलीकडून एक पोरगा म्हणाला.

भगवंताच्या हातातलं घमेलं सुटलं. चौदा वर्षांपूर्वी स्वतः रचलेली गाणी एका गिटारवर म्हणून त्यानं ती कॅसेट काढली होती. पाव्हण्यारावळ्यांनी फुकट नेली आणि एकेकानं परतही आणून दिली.

"मास्टर तुमच्याकडेच आहे ना?"

ती गाणी सावळेराम मास्तरांनी शाळेच्या वर्गात, आपल्या टेपवर भरली होती. भगवंत म्हणाला, "मास्तर व्हय? हायेत की! घाटघरला असत्यात, लेकीकडं."

"आवाज कसाय?"

"जरा घरघर हाय."

"ती काढता येते. दोन्ही बाजू चालतात ना?"

"न्हाई भाऊ. डावी गेली. पार लुळी."

"एक बाजू मिळाली तरी खूप. सोमवारी घेऊन या. ऊन लागू देऊ नका, आडवं ठेवा."

"मागच्या शिटावर निजवून आणतो."

पोरगा हसला. त्याला वाटलं, गावाकडं असंच बोलतात.

साळुबाईनं दारातून नवऱ्याला सुनावलं, "लकवा झाला तवा बघायला गेला न्हाईत. आता बरं आठावलं मास्तर!"

खोटं काय बोलली? आपल्याकडं माणूस अंथरुणाला खिळला की पेरणी आडवी येते, पाण्याची पाळी आडवी येते, लग्नसराई आडवी येते. काम निघालं की जीप भाड्यानं मिळते.

घाटघरला मास्तरांनी दोनदा विचारलं, "मला बोलावलंय? पुण्याला?" मग कोट मागितला. लेकीनं बटणं लावली. शिटावर आडवं व्हायला त्यांनी साफ नकार दिला. "कोट चुरगळेल," म्हणाले. तोंडाच्या चालत्या अर्ध्या भागानं ते वाटभर भाषण घोकत होते. भगवंत खिडकीबाहेर बघत रेकॉर्डवर आपला फोटो कसा दिसेल याचा विचार करत होता.

पुण्यात पोरानं दार उघडलं. "या! मास्टर कुठंय?"

"हे काय, तुमच्या म्होरं!"

मास्तर काठी टेकून ताठ झाले. "रसिकहो, माझ्यासारख्या खेड्यातल्या शिक्षकाला..."

"अहो काका," पोरानं डोक्याला हात लावला, "मास्टर म्हणजे मूळ टेप!" आणि त्याला हसू आवरेना.

मास्तरांना आधी कळलं. ते खुर्चीत बसले. "म्हणजे मला बोलावलंच नव्हतं."

मग ते भगवंताकडे वळले.

"टेप तर मी तुलाच दिली होती, भगवंता."

भगवंतानं मान खाली घातली. "बाजरीवर बांधली, मास्तर. सगळी उलगडून. कुणी ऐकत न्हाई म्हणून डोस्कं फिरलं व्हतं. वाऱ्यानं लई वाजायची."

"पाखरं पळाली?"

"पळाली."

"मग आवाज मी चांगला भरला होता," मास्तर म्हणाले.

शेवटी पोरानं जुन्या बाजारात मिळालेली, आपल्याजवळची 'वळचण'ची कॅसेट काढली. तिच्याही एका बाजूला बुरशी लागलेली. "ठीक आहे, एकाच बाजूची रेकॉर्ड काढू," तो म्हणाला.

घाटघरला उतरताना मास्तर एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी काम नसताना ये."

"येतो की, मास्तर!"

गेला नाही. बाजरी आली, मग कांद्याची रोपं. भादव्यात मास्तर गेले.

दिवाळीला रेकॉर्ड आली. एका बाजूला रेघा, दुसरी बाजू कोरी, गुळगुळीत. ती वाजवायचं यंत्र नारायणगावात मिश्रीलालशेठच्या कापडदुकानात होतं. भगवंत नवा सदरा घालून गेला. शेठनं धूळ झटकली, सुई टेकवली.

आधी खरखर आली. मग वर्गाच्या खिडकीशी पोरांचा गलका. आणि मग दोन्ही बाजू शाबूत असलेला, खणखणीत आवाज:

"गप बसा रे! हं, भगवंता, म्हण आता."

गिटारची तार वाजली.

"शेठ, मागं घ्या."

शेठनं घेतली. पुन्हा गलका, पुन्हा मास्तर, पुन्हा तार.

"मागं घ्या."

"अरे राव, गाणं तर चालू होऊ दे! तुझं गाणं ऐकायला आलास का मास्तरांचं दटावणं? सुई घासंल ना."

"घासू द्या," भगवंत म्हणाला. "मागं घ्या."