दामूकाकांचा टाका

दामूकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे.

आम्ही वरसेत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं. समोरच्या दारातून लुंगी-बनियनमधले एक गृहस्थ बाहेर आले. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. माझ्या बुटांकडे बोट करून म्हणाले, "उजवा काढ."

मी काढला. नवीन घर, नवीन शेजार, नाही कशी म्हणणार? त्यांनी बूट उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला, दोन्ही हातांनी वाकवून बघितला आणि म्हणाले, "टाचेला गुळगुळीत झालाय. धाटावला कामाला ना तू? तिथल्या ओल्या फरशीवर पडणार."

एवढं बोलून बूट माझ्या हातात दिला आणि आत गेले. मागोमाग त्यांची बायको चहा घेऊन आली. "मनावर घेऊ नको गो," काकू म्हणाल्या. "पडशील म्हणाले ना? म्हणजे आवडलीस त्यांना."

काका मूळचे पेणच्या खारेपाटातले, खाडीकाठच्या गावचे. सगळी नोकरी धाटावच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये झाली. गमबूट, हातमोजे, हेल्मेट, गॉगल द्यायचे आणि परत घ्यायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या काळात त्यांच्या खात्यात मोठा अपघात म्हणून कधी झाला नाही. दुसरा कोणी असता तर या समाधानात सुखाने झोपला असता. काकांचं उलटं. "एवढी वर्षं काय झालं नाय," ते घाबऱ्या आवाजात सांगतात, "म्हणजे व्हायचं अजून बाकी हाय."

जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचं एकच म्हणणं असतं: "दिसतंय बरं. हाय का पण बरं?" हे ते हेल्मेटबद्दल म्हणतात, जिन्याच्या कठड्याबद्दल म्हणतात, आणि मासळीवालीच्या टोपलीतल्या बांगड्याबद्दलही म्हणतात. ती बाई आता आमच्या मजल्यावर येतच नाही, खालूनच हाक मारते.

त्यांच्या गॅलरीत कपडे कमी आणि बाकीचंच जास्त. काठ्यांवर उलटे घातलेले गमबूट, सावलीत टांगलेले रेनकोट, फुगवून बादलीत बुडवलेले रबरी हातमोजे. बुडबुडा आला की मोजा बाद. हातमोज्याची पाच बोटं पाण्यातून वर आलेली बघून नवीन कुरियरवाला एकदा पार्सल टाकून पळाला होता. इमारतीतल्या बायकांना काकांची बोलणी ठरलेली. "रेनकोट म्हणजे गोधडी नाय, पावडरीत भिजत घालायला. साध्या पाण्याने पूस आणि टांग." "ओला बूट गॅसजवळ ठेवलास? पापड हाय का तो?" आणि कोणीही गमबुटात पाय घालायला लागलं की वरून ओरडणार, "आधी आपट! आत कोण बसलाय बघ!" एकदा खरंच विंचू निघाला. त्यानंतर आमच्या इमारतीत लोक सपातासुद्धा आपटून घालतात.

माझं हेल्मेट एकदा स्कूटरवरून खाली पडलं. मी उचललं, पुसलं, डोक्यावर ठेवलं. तेवढ्यात काका जिन्यावरून धावत आले. हातात भाजी कापायची कात्री. "काढ ते!" मी काढलं, आणि काही कळायच्या आत त्यांनी कचकन त्याचा पट्टाच कापून टाकला.

"काका!"

"मेलंय ते. आतून तडकलं असंल तर दिसायचं नाय. पट्टा ठेवला तर उद्या दुसरं कोणतरी घालंल."

मी भयंकर चिडले. ते वर गेले आणि स्वतःचं हेल्मेट घेऊन आले. सुतळीने माझ्या डोक्याचा घेर मोजला, आतली पट्टी आवळली, हनुवटीखालचा पट्टा ओढून बघितला. माझ्या कंपनीची पहिल्या शिफ्टची मुलं बसमधून हे सगळं बघत होती. नंतर महिनाभर कंपनीच्या लॅबमध्ये माझ्या टेबलावर चिडवायला कोणीतरी सुतळी ठेवत होतं.

सोसायटीच्या सत्यनारायणाला तर कहर झाला. आत आरती चालली होती आणि काका बाहेर चपलांच्या ढिगापाशी. प्रसाद घेऊन लोक बाहेर आले तर ढिगाचे दोन ढीग झालेले. एकीकडे 'चालतील', दुसरीकडे 'धोका'. आपली चप्पल धोक्यात निघाल्याचं कोणालाच आवडलं नाही. चेअरमनसाहेब तर दुसऱ्याची चप्पल घालून निघाले. गुरुजींचे दोन्ही जोड धोक्यात होते, कारण ते एक पिशवीतही ठेवतात आणि काकांनी पिशवीही सोडली नव्हती.

या माणसाची मुलगी कोलाडला नदीत राफ्ट चालवते.

रेश्मा. हाडापेराने मजबूत, मोठ्याने हसणारी. पर्यटकांना बोटीत बसवून नदीतून नेणं ही तिची नोकरी, आणि पूर आला की बचाव पथकाबरोबर जाणं ही तिची हौस. तिने पहिल्यांदा घरी हे सांगितलं तेव्हा काका दोन दिवस बोलले नाहीत, असं काकू सांगतात. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता विचारलंन, "जॅकेट कोणाचं घालतेस? तुझं, का सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं, बाबा. जे हाताला येईल ते."

त्याच आठवड्यात काका मुंबईला जाऊन तिच्यासाठी नारिंगी लाइफ जॅकेट घेऊन आले. जाऊ नको, असं ते तिला कधीच म्हणाले नाहीत. ती रात्री आली की जॅकेट काढून घ्यायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, बकलांच्या खाचांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढायची, सावलीत टांगायचं. त्यावर कोणी बसलेलं त्यांना चालत नसे. आतला फोम दबतो म्हणे. आमच्याकडचे पाहुणे एकदा चुकून त्यावर टेकले, तर काकांनी त्यांना उठवून जॅकेटला खुर्ची दिली.

गेल्या पावसाळ्यात चार दिवस पाऊस थांबला नव्हता. आदल्या संध्याकाळी जॅकेट धुताना काकांना खांद्याच्या पट्ट्याची शिवण उसवलेली दिसली. त्यांचा कायदा पक्का होता: जीव टांगायच्या वस्तूला घरचा टाका चालायचा नाय, फाटली की बाद. रेश्माला दुसऱ्या दिवशी कोलाडहून दुसरं जॅकेट मिळणार होतं. पण सकाळीच फोन आला. अलीकडच्या एका नदीकाठच्या वाडीत पाणी शिरलं होतं आणि पुढे कोलाडचा रस्ता बंद झाला होता. पथकाची गाडी तिला न्यायला येत होती, पण जास्तीचं जॅकेट कोणाकडेच नव्हतं.

मी दारातच उभी होते. काका जमिनीवर बसून जाळ्याच्या नायलॉनच्या दोऱ्याने तो पट्टा शिवत होते. चष्मा नाकावर घसरलेला.

"बाबा, झालं का? गाडी आलीय."

"आणखी दोन टाके."

"बाबा, राहू दे. मी तशीच जाते."

"तशीच जातेस?" ते एवढ्या जोरात ओरडले की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. काकांनी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला. मग रेश्माला उभी करून एकेक बकल स्वतः लावलं. शेवटचं लावून झालं तरी हात बाजूला घेईनात.

"सोडा आता तिला," काकू म्हणाल्या.

ती गेली. माझ्या कंपनीच्या रस्त्यावर पाणी होतं, म्हणून मी घरीच होते. काका जिन्यात येऊन बसले. थोड्या वेळाने उठले, सगळ्या मजल्यांवरून दाराबाहेरचे गमबूट आणि बूट गोळा करून आणले आणि घासायला बसले. कोणी आपले परत मागितले नाहीत. चेअरमनसाहेबांनी तर न मागता स्वतःचे आणून दिले.

"टाका माझा हाय गो," मधेच ते म्हणाले. "कंपनीचा नाय."

"पण तुम्ही ओढून बघितलात ना, काका?"

"मी ओढला. पाणी ओढतं तसा नाय ओढला."

मीही एक ब्रश घेतला आणि शेजारी बसले. दुपारी काकूंनी भात वाढून आणून ठेवला. तो तसाच राहिला. रेश्माचा फोन लागत नव्हता. रेंज यायची आणि जायची. अशीच एकदा आली आणि माझ्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपचा मेसेज पडला. वाडीजवळ बोट उलटली म्हणतात.

मी फोन उलटा ठेवला.

"काय आलंय?"

"काही नाही. कंपनीचा मेसेज."

काकांनी माझ्या पायांकडे नाही, थेट तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला खोटं टिकवता आलं नाही. "बोट उलटली म्हणतात. कुठली, कोणाची, कोणालाच माहीत नाही. अफवाही असेल."

काका हातातला गमबूट घासत राहिले. एकाच जागी, टाचेपाशी, घासत राहिले. आतून काकूंचा देवापुढे काहीतरी पुटपुटण्याचा आवाज येत होता. मी तीनदा उठून गॅलरीतून रस्ता बघून आले. रस्त्यावर नुसतं पाणी आणि त्यात तरंगणारी कोणाची तरी प्लॅस्टिकची खुर्ची.

अंधार पडायच्या सुमाराला खाली गाडी थांबली. जिन्यात पावलं वाजली. रेश्मा वर आली ती कमरेपर्यंत चिखलाने भरलेली, ओठ निळे पडलेले. आणि अंगावर जॅकेट नव्हतं.

काका उभे राहिले. गमबूट पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला.

"जॅकेट?" त्यांनी विचारलं.

"एका आज्जीला घातलं, बाबा. झाडाला धरून बसली होती. पाण्यात उतरायला तयार नव्हती, म्हणून माझं काढून तिला घातलं."

"आणि तू?"

"मी दोरीला होते. दोरी चांगली होती."

"बोट उलटली म्हणत होते," मी म्हणाले.

"रिकामी होती. बांधलेली होती, ती सुटून गेली."

काका तिच्याकडे बघतच होते. "टाका टिकला?"

"कुठला टाका?" रेश्मा दमली होती, तिला काही आठवेना. मग लक्षात आलं. "अहो बाबा, धारेत तिला त्याच पट्ट्याला धरून ओढत आणलं मी. आज्जी शाळेत बसून चहा पितेय. टिकला नसता तर प्यायली असती का?"

काकू हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. काका खाली बसले आणि रेश्माच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. चिखलाने गाठी आवळल्या होत्या. त्यांना त्या सुटेनात, पण तिने हात लावलेला त्यांना चालेना.

दुसऱ्या दिवशी काका जॅकेट आणायला, वाडीतली माणसं ठेवली होती त्या शाळेत गेले. हात हलवत परत आले. "म्हातारीने घातलंय अजून," म्हणाले. "काढायला सांगणार होतो. पण थंडी वाजत होती तिला."

"मग एवढा वेळ काय करत होतात?" काकूंनी विचारलं.

"बकल लावायचं शिकवलं. उलटं लावलं होतंन."

नवीन जॅकेट आलं ते पावसाळा संपल्यावर. हिवाळ्यातल्या एका रविवारी मी कोलाडकडे मैत्रिणीला भेटायला चालले होते. नदीच्या वरच्या अंगाला एक छोटा घाट आहे. तिथे मला काकांची स्कूटर दिसली, म्हणून थांबले.

काका पाण्यात होते. छातीपर्यंत. अर्धी चड्डी, अंगावर कोरं नारिंगी जॅकेट, डोळे घट्ट मिटलेले. दोन्ही हातांनी घाटाची साखळी धरली होती. काकू पायरीवर बसल्या होत्या. काकांच्या कमरेला बांधलेल्या दोरीचं टोक त्यांच्या हातात होतं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"हळू बोल," काकू कुजबुजल्या. "पाण्याला घाबरतात ते. खाडीकाठचे हायत ते नुसतं सांगायला. लग्न झाल्यापासून कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नायत. पण रेश्माचं जॅकेट आलं की आधी हितं येतात. मागच्या वेळी पण आले होते."

"कशाला पण?"

उत्तर पाण्यातून आलं. डोळे न उघडता. "माझं वजन तिच्यापेक्षा जास्त हाय. मला धरलंन तर तिला धरील."

दात वाजत होते. ते थंडीने की कशाने, मला कळलं नाही.

"तिला सांगू नको हां," ते म्हणाले. "हसंल."

"नाही सांगत," मी म्हणाले. मग त्यांनी एक हात सोडला. बराच वेळ तसेच राहिले. ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होते की बकलं मोजत होते कोण जाणे. काकूंनी दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला घातला आणि म्हणाल्या, "सोडा. मी हाय."

काकांनी दुसरा हात सोडला.