सत्तर किलोमीटर, सरळ

बायकोचा पासपोर्ट हरवू नये म्हणून जावयाने तो स्वतःच्या कोटाच्या खिशात जपून ठेवला होता. तो इतका जपला गेला, की बायको साडेबाराच्या छोट्या विमानाने खाडीपलीकडच्या विमानतळावर उतरली तरी पासपोर्ट अलीकडेच होता.

"तीनच्या विमानाने घेऊन ये," तिने फोनवर बजावलं. "आठला माझं परदेशाचं विमान. सातला काउंटर बंद. उद्या सकाळी हजर झाले नाही तर नोकरी दुसऱ्याला देणारेत. कळलं?"

जावयाला कळलं. पण शेजारी सासरे उभे होते, आणि त्यांनी छत्तीस वर्षं विमान चालवलं होतं.

"तीनपर्यंत इथे काय माश्या मारायच्या? सत्तर किलोमीटर तर आहे! मी हजारदा गेलोय. गाडीने तासाभरात टेकतो."

"पण बाबा, मध्ये खाडी..."

"खाडी खाली राहते हो, जावईबापू!"

दीडला गाडी निघाली. दोन वाजता जावयाच्या फोनमधला नकाशा म्हणाला, अजून दोनशे सहा किलोमीटर. सासऱ्यांनी फोन हातात घेतला, 'यंत्र फिरलंय' असं निदान केलं आणि तो बंद करून स्वतःच्या खिशात घातला.

रस्ता खाडीच्या कडेकडेने निघाला होता, जणू पाण्याशी त्याचं जुनं वैर होतं. साडेतीन वाजले. पुढे विटांचा ट्रक, मागे विटांचा ट्रक. दर पाच मिनिटांनी जावई खिसा चाचपत होता.

"बाबा, पूल कधी येणार?"

"पूल? मी तरी कधी पाहिला नाही बुवा." थोड्या वेळाने ते पुटपुटले, "वरून बारीकसारीक दिसत नाही."

चार पस्तीसला डोक्यावरून एक छोटं विमान घरच्या दिशेने गेलं. सासरे खुलले. "बघा, नाकासमोर! याला म्हणतात रस्ता."

जावयाने बघितलं. मग पुन्हा खिसा चाचपला.

पावणेसहाला तो धापा टाकत काउंटरवर पोचला. तिथल्या बाईंनी नाव विचारून मान हलवली. "त्या साडेचारच्या विमानाने परत गेल्या. तुम्ही तीनच्या विमानात नव्हता, फोन लागेना. म्हणाल्या, 'दोघं अजून तिथेच वाद घालत बसले असणार.'"

त्याने सासऱ्यांच्या खिशातून फोन काढून सुरू केला तोच वाजला.

"कुठे आहेस?"

"तुझ्या विमानतळावर. तू?"

"तुझ्या."

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं.

"बाबा आहेत शेजारी?"

"आहेत."

"तिथून पाऊलही हलू नका. साडेसहाच्या विमानात एक जागा मिळालीय. पासपोर्ट हातात धरून उभा राहा. आणि बाबांना काही मोजू देऊ नकोस!"

सहा त्रेचाळीसला विमान टेकलं. ती धावत आली, पासपोर्ट ओढून घेतला, दोघांवर एक नजर टाकली आणि धावत गेली. सातला चार मिनिटं कमी असताना काउंटरवरून तिने अंगठा वर केला. जावई मटकन खुर्चीत बसला.

"तेरा मिनिटं," सासरे घड्याळ बघत म्हणाले. "आमच्या वेळी बारा लागायची. चला, निघायचं?"

जावयाने गाडीची किल्ली अदबीने त्यांच्या हातावर ठेवली.

"तुम्ही व्हा पुढे, बाबा. तासाभराचाच तर रस्ता आहे."

आणि तो साडेसातच्या विमानाचं तिकीट काढायला खिडकीकडे वळला.