प्रतिनियुक्तीवरील जास्वंद

फुलझाड लावणे हे हौसेचे नव्हे, जबाबदारीचे काम आहे. निवृत्त हेडक्लार्क साहेबांना हे पटल्यामुळे त्यांनी कुंपणाच्या भिंतीलगत लाल जास्वंद लावली आणि तिची फाईल उघडली. रोज सकाळी पाणी अडीच तांबे (तांब्या तोच). शेंडे खुडणे दर दुसऱ्या रविवारी. ऊन लागू नये म्हणून वर हिरवे कापड.

दोन वर्षे जास्वंदीने कळीसुद्धा धरली नाही. साहेबांनी तिला दोनदा तोंडी समज दिली.

"अहो, तिला ऊन हवंय. ते कापड काढा," बायको म्हणाली.

"कापड विचारपूर्वक लावलंय."

तिसऱ्या वर्षी जास्वंद बहरली. भिंतीपलीकडे. एक फांदी कापड चुकवून उन्हात उतरली होती आणि तिथे लालभडक फुलली होती. अलीकडे फक्त पाने (तपशील फाईलमध्ये).

पलीकडे शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. मशीनच्या खडखडाटाबद्दल साहेबांनी त्यांना तीन प्रतींत पत्र दिले होते. तेव्हापासून अकरा वर्षे अबोला. पण स्वतःच्या झाडाची पाहणी करणे हे कर्तव्यच. साहेब स्टुलावर चढले, टाचा उंचावल्या आणि एकोणीस फुले मोजून झाली.

"भाऊजी, मान अवघडेल," खालून आवाज आला. "दारातून या की."

साहेबांचे कान जास्वंदीइतके लाल झाले. तरी ते गेले. बाईंनी खुर्ची आणून ठेवली. फुले तेवीस भरली.

"काय घालता हिला?" साहेबांनी घसा खाकरून विचारले.

"काही नाही हो. आली, राहू दिली."

साहेबांनी तेवीस फुले पुन्हा एकदा मोजली. मग हळूच म्हणाले, "मशीनचा आवाज... तसा फार नाही येत."

"ऑइल घातलं होतं. पत्र मिळालं त्याच दिवशी," बाई म्हणाल्या.

घरी येऊन साहेबांनी फाईलमध्ये शेरा मारला: 'झाड प्रतिनियुक्तीवर पाठवले आहे. काम समाधानकारक.' आता रोज पाच वाजता साहेब आणि बायको पाहणीला जातात. पाहणी दोन तास चालते. हिरवे कापड मात्र जागेवरच आहे. ते काढले, तर फुले अलीकडे येतील आणि पलीकडे जायला कारण उरणार नाही.

हसलात? हसा. तुमच्या गॅलरीतल्या कुंडीत दोन वर्षे नुसती पानेच आहेत आणि तुम्ही नर्सरीवाल्याला नावे ठेवता, हे आम्हांला तुमच्या शेजाऱ्यांकडून कळले. तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही, म्हणून त्यांनी आम्हांला सांगितले.