दोन प्रांतांची हार्डडिस्क बुडाली, त्याचे वर्तमान

कथारंगी उभा राहून भक्ताचे ऐकणाऱ्या श्रीहरीस दंडवत, आणि श्रोते सज्जनांचे चरणी विज्ञापना ऐसी जे, शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरी, ज्येष्ठ शुद्ध दशमीस जो अनर्थ गुदरला तो जैसा घडला तैसा लिहिला असे. कोण्या एका राज्यात दामोदरपंत सोहनी नामे भाविक गृहस्थ होते. त्यांचे गुरू निळकंठबुवा वैकुंठवासी जाहले, परंतु बुवांची एकतीस वर्षांची कीर्तने पंतांनी संगणकात जतन केली होती, आणि त्यांची दुसरी प्रत पृथ्वीवर नव्हती. पंत आपल्यापरी सावध. त्यांनी हार्डडिस्कचे दोन प्रांत पाडिले, एकात संगणक चालविणारी प्रणाली राज्य करी, आणि दुसऱ्यात कीर्तने नांदत, आणि त्या प्रांतास 'निळकंठबुवा' ऐसेच नाव दिले. मग जुनी प्रणाली थकली, तिची रसद वरून बंद जाहली, म्हणोन पंतांनी नवी आणविली, आणि तिला गादीवर बसविणारा इन्स्टॉलर नामे सरदार संगणकात शिरता जाहला.

कुटुंब द्वारकाबाई बोलिल्या, "अहो, बुवांना आधी दुसरीकडे उतरवून घ्या की!" पंत हसोन म्हणाले, "अगं, गादी बदलते, रयत जागच्या जागी राहते. उगाच का दोन प्रांत पाडले?" मग सरदाराने पडद्यावर मुलूख मांडिला, तो त्यात बुवांचे नाव नाही, आत काय नांदते त्याचा पत्ता नाही, एसडीए-एक, एसडीए-दोन ऐसे कैद्यांसारखे क्रमांक, आणि खाली 'संपूर्ण डिस्कवर स्थापना', आणि शेजारी 'शिफारस' ऐसा शब्द. पंतांनी मनी आणिले, की येणाऱ्या सरकारानेच शिफारस केली, ती मोडू नये; आणि हरिस्मरण करून 'पुढे' दाबिले. बारा मिनिटांत नवे राज्य जाहले, आणि दुसरा प्रांत नकाशावरोन नाहीसा जाहला. पंत बोलिले, "द्वारके, बुवा गेले गं." पहिल्याने बुवा गेले तेव्हा पंतांनी खांदा दिला होता, या खेपेस स्वहस्ते चिता पेटविली. मग डिस्कांचे जाणते वैद्य आणविले, त्यांनी नऊ दिवस खपोन जे काढिले त्यात बुवांचा एक खोकला, आणि झांजेचा अर्धा ठोका, इतुकेच निघाले.

मग पंत ती प्रणाली घडविणाऱ्या दरबारी गेले, आणि तेथील दिवाण जयवंतराव यांस हात जोडून म्हणाले, "सरकार, आमचे गेले ते गेले. पुढल्याचे तरी राखा. प्रांताचे नाव दाखवा, आत काय आहे ते दाखवा, आणि पुसण्याआधी साध्या बोलीत सांगा की हे सारे मरेल." दिवाण म्हणाले, "पंत, जाणत्यांस क्रमांक कळतात." पंत म्हणाले, "जाणत्यांस देवही कळतो, म्हणून तर आमच्यासारख्यांसाठी कीर्तन असते!" दरबारी हसले. दिवाणही हसले, आणि म्हणाले, "तुमचे खरे आहे हो. पण मरेल म्हटले की माणूस भितो, आणि प्रणाली न बसविताच उठून जातो. त्यास काय करावे?" पंत म्हणाले, "जाऊ द्यावा."

यावर दरबार तीन महिने खल करिता जाहला, आणि मग मोठ्या गाजावाजाने सुधारणा जाहीर केली, आणि पंतांस मानाने बोलावून दाखविली. पडद्यावर क्रमांक होते तैसेच होते. खाली एक नवा चौकोन होता, आणि त्यापुढे लिहिले होते, 'मला सर्व समजले आहे'. त्यात खूण केल्यावाचोन 'पुढे' उघडत नव्हते. पंत हात जोडोन पायऱ्या उतरोन गेले.

येणेप्रमाणे वर्तमान. पूर्वी त्या राज्यात न सांगता पुसत. हल्ली न सांगताच पुसतात, आणि ज्याचे पुसले त्याजपासोन कबुली घेतात. श्रीहरी त्यांचेही कल्याण करो.