वाळकेवाडीचे एकशे सत्त्याऐंशी दिवे

समाज सुधारलेला आहे की नाही, हे त्याच्याकडे फेकून देण्यासारखं काय आहे यावरून ठरतं. ज्याच्याकडे फेकायला काहीच नाही तो मागास, ज्याच्याकडे भरपूर आहे तो प्रगत, आणि ज्याच्याकडे इतकं आहे की त्यातून शोभेच्या वस्तू बनवाव्या लागतात तो अतिप्रगत. हे सूत्र माझं नव्हे. ते ‘टाकाऊतून तेज’ अभियानाच्या परिपत्रकात पान दोनवर होतं (पान एकवर विषय, संदर्भ आणि संदर्भाचा संदर्भ होता).

मी मुखेडात एका कार्यालयात कनिष्ठ सहायक आहे. कोणत्या कार्यालयात ते सांगत नाही, कारण सांगितलं की खुलासा द्यावा लागतो. परिपत्रक असं होतं: प्रत्येक कुटुंबाने घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून स्वहस्ते एक दिवा तयार करावा. कुटुंबप्रमुखाने तो दिवा हातात धरून, हसतमुख मुद्रेने, स्वतःच्या घरासमोर उभं राहावं. शाळेतल्या शिक्षकाने त्याचा फोटो काढून ॲपवर चढवावा. घराचा ठावठिकाणा ॲपला आपोआप कळतो, त्यामुळे एकाच जागी उभं राहून सगळे फोटो काढण्याची जुनी सोय बंद झाली होती. ज्या गावाचं काम शंभर टक्के होईल, तिथल्या शिक्षकाला बदलीत प्राधान्य मिळणार होतं.

या शेवटच्या ओळीखाली ज्योत्स्नाबाईंनी लाल पेनाने दोनदा रेघ मारली.

ज्योत्स्नाबाई वाळकेवाडी बुद्रुकच्या शाळेत सहा वर्षांपासून शिकवतात (वाळकेवाडी खुर्द कुठे आहे, हे कुणालाच माहीत नाही, तिथली शाळा मात्र कागदावर उत्तम चालते). त्यांचे पती आदर्श लातुरात नोकरीला. पाच वर्षांची मुलगी लातुरातच, आजीपाशी. बाई शनिवारी दोन गाड्या बदलून जातात आणि सोमवारी पहाटे निघतात. निघताना त्यांची एक चप्पल सापडत नाही, कारण मुलीने ती लपवलेली असते. एकदा ती पाण्याच्या टाकीत निघाली आणि बाई ओल्या चपलेने वाळकेवाडीत आल्या. बदलीच्या अर्जात हे लिहिता येत नाही. अर्जात ‘कौटुंबिक अडचण’ एवढंच लिहायचं असतं.

तर बाई कामाला लागल्या आणि पहिल्याच दिवशी अभियान अडलं. वाळकेवाडीत टाकाऊ वस्तूच नव्हती.

बाईंनी घरोघर फिरून रीतसर गणना केली. तिचा गोषवारा माझ्या फायलीत आहे. फुटक्या बादल्या एकोणीस, पैकी सतरा कोंबड्या झाकायला वापरात आणि दोन कोंबड्यांच्या प्रतीक्षेत. खताची रिकामी पोती: पावसात डोक्यावर घ्यायला, दाराला पडदा म्हणून, आणि एकाची पिशवी शिवून तीतून सरपंचांचं दप्तर जातं. सायकलच्या जुन्या ट्यूबा कडबा बांधायला. प्लास्टिकच्या बाटल्यांत लाल पाणी भरून त्या उंबऱ्यापाशी ठेवलेल्या, कुत्री येऊ नयेत म्हणून (कुत्री त्या बाटल्यांना टेकून झोपतात). तेलाच्या डब्यात ज्वारी, डब्याच्या झाकणावर भाकरी, आणि जो डबा गळतो त्यात अबोली. निकषात चोख बसेल अशी एकच वस्तू गावात घरटी एक होती, ती म्हणजे पाण्याचा नळ. पण ती शासकीय मालमत्ता असल्याने तिला टाकाऊ म्हणता येत नव्हतं.

“बाई, फेकायचं म्हंजी काय फेकावं?” गणनेच्या वेळी नागुबाईंनी विचारलं. नागुबाई सत्तरीच्या, गावाच्या टोकाला एका खोलीत नवऱ्यासह राहतात. हाताला फार कसब. “जे लागत न्हाई ते आमी घरात आणतच न्हाई.”

हे उत्तर अभियानाच्या मूळ उद्देशालाच हरताळ फासणारं होतं. पण बाईंचा चेहरा पाहून नागुबाईंना राहवलं नाही. “एक बाटली हाय,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या खोकल्याच्या औषधाची. पर आर्धी भरलेली हाय.”

‘ह्यांच्या’ म्हणजे केरबांच्या. केरबांचा खोकला नेमका त्याच दिवशी बरा झाला होता. औषध ओतून द्यावं ही सूचना नागुबाईंनी फेटाळून लावली. औषध काय पाणी आहे काय? मग शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कोंडाबाईंनी बाटली आणि चमचा घेऊन गावात फेरी काढली. अकरा नागरिकांनी एकेक मोठा चमचा घेऊन अभियानाला हातभार लावला. त्यांपैकी तिघांना खोकला होता, दोघांना गुडघेदुखी होती आणि उरलेले सहा त्या दिवशी कुठल्याही शेतावर कामाला गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत बाटली टाकाऊ झाली.

नागुबाईंनी तिच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलं, जुन्या धोतराची वात ओवली, चिकणमातीत बुडखा बसवला आणि बाटलीभोवती फुटक्या बांगड्यांचे तुकडे खळीने चिकटवले. एका बाजूला हिरवा तुकडा कमी पडला. तिथे बोटभर जागा मोकळी राहिली. सरपंच संगप्पांनी ट्रॅक्टरमधलं दोन झाकणं डिझेल दिलं. दिवा लागला. खरंच देखणा होता, धूर सोडला तर.

आता एकशे सत्त्याऐंशी घरं आणि एक दिवा. साध्या माणसाला इथे अडचण दिसली असती. वाळकेवाडीला वेळापत्रक दिसलं. दिवा सकाळी सातला मारुतीच्या पारापासून निघे, दर घरी तीन मिनिटं थांबे (हसतमुख मुद्रेला दोन, फोटोला एक) आणि दुपारी ऊन झालं की कोंडाबाईंच्या ओसरीवर विसावा घेई. वरच्या आळीने आधी नेला म्हणून खालची आळी एक दिवस रुसली. संगप्पांच्या नावावर कागदोपत्री तीन घरं असल्याने त्यांनी तिन्ही ठिकाणी तीन वेगळे सदरे घालून फोटो दिले. चौथ्या दिवशी वाळकेवाडी शंभर टक्के झाली. (तालुक्यातलं आणखी एक गाव एकशे बारा टक्के झालं होतं, पण त्याच्याकडे जास्त बारकाईने पाहू नये असं वरून सांगण्यात आलं.)

जिथे यश आहे तिथे पडताळणी आहे. विस्तार अधिकारी माधवराव, एक तज्ज्ञ सदस्य आणि टिपण घ्यायला मी, अशी समिती वाळकेवाडीत दाखल झाली. कोणतीही पाच घरं पाहायची होती. घरं आयत्या वेळी चिठ्ठी टाकून निवडायची, म्हणजे कुणाला तयारी करता येऊ नये, अशी पारदर्शक पद्धत.

इथे समितीच्या वेगाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. समिती रस्त्याने जाते, दर घरी तिला खाट टाकावी लागते, आणि चहा घेतल्याशिवाय ती उठत नाही. असा समितीचा वेग ताशी तीनशे मीटर पडतो. कोंडाबाई परसातून जातात, कुंपणं ओलांडतात आणि चहा घेत नाहीत. वेळेचं हे गणित जुळत असल्याने पहिल्या चार घरांत कुठलीही अडचण आली नाही. समिती पुढच्या दाराने बाहेर पडे, दिवा मागच्या दाराने.

माधवराव बारकाईने पाहत होते, हे मी साक्षीने सांगतो. दुसऱ्या घरी त्यांनी बाटलीला हात लावला आणि म्हणाले, “गरम आहे. म्हणजे रोजच्या वापरात आहे. लिहा.” मी लिहिलं. तिसऱ्या घरी त्यांना हिरव्या तुकड्याची मोकळी जागा दिसली. चौथ्या घरीही दिसली. ते थबकले. ज्योत्स्नाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

“काय शिस्त आहे!” माधवराव म्हणाले. “या गावात चुकासुद्धा सगळे सारख्या करतात. लिहा.”

पाचव्या चिठ्ठीत नागुबाईंचं घर निघालं. नागुबाईंच्या खोलीला मागचं दार नाही.

आम्ही खाटेवर बसलो. चहा झाला. दुसरा चहा झाला. केरबांनी समितीला आपल्या खोकल्याचा इतिहास सांगितला, तोही संपला. “दिवा दाखवता का?” माधवरावांनी विचारलं, आणि तेवढ्यात पुढच्या दारातून कोंडाबाई आल्या. पदराआड दोन्ही हात, धापा टाकत, आणि खांद्यामागून काळ्या धुराची बारीक रेघ.

“कोंडाबाई, पदर पेटून राहिला की तुमचा!” केरबा ओरडले.

कोंडाबाईंनी दिवा खाली ठेवला आणि पदर झटकला. समितीसमोर दिवा होता. तोच. मोकळ्या जागेसकट.

मग ज्योत्स्नाबाई उठून उभ्या राहिल्या. मला तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं, कारण गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. “साहेब,” त्या म्हणाल्या, “दिवा एकच हाय. सगळ्या गावात एकच. फोटो मीच काढले. माझी पोरगी लातूरला हाय, साहेब, मला तिच्यापाशी जायचंय. पर आता खोटं बोलवत न्हाई.”

माधवरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. हे मान्य करावं तर एकशे सत्त्याऐंशी फोटो खोटे. फोटो खोटे तर त्यांना मंजुरी देणारं कार्यालय खोटं. आणि कार्यालय खोटं असेल तर त्या कार्यालयाने नेमलेली समिती या क्षणी नागुबाईंच्या खाटेवर बसलेलीच नव्हती. मग तिने प्यायलेल्या अठरा चहांचं काय?

“बाई,” ते मायेने म्हणाले, “फार दमलात तुम्ही. इतकं मनापासून काम केलं की होतं असं. सहायक, लिहा: शिक्षिकेचा विनय वाखाणण्यासारखा.”

मी लिहिलं.

वाळकेवाडी आदर्श गाव ठरलं. दिवा नांदेडच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत गेला (आता गावात एकही नाही; प्रमाण मात्र शंभर टक्केच आहे). दिवा हाती घेतलेल्या ज्योत्स्नाबाईंचा फोटो कार्यालयाने मोबाइलवर सगळीकडे पाठवला. खाली चार परिच्छेदांचा मजकूर होता. तिसऱ्या परिच्छेदात, दोन फुलांच्या चित्रांच्या मध्ये, असं वाक्य होतं: ‘अशा कर्तव्यदक्ष शिक्षिका याच गावाला कायम लाभाव्यात, असे आपणांस वाटत असल्यास अंगठा द्यावा.’

बाईंचा बदलीचा अर्ज महिन्याभराने परत आला. त्यावरचा शेरा असा: ‘प्राधान्य देय आहे. तथापि तीव्र जनभावना विचारात घेता सदर शिक्षिकेस वाळकेवाडी बुद्रुक येथेच कायम ठेवण्यात येत आहे. सोबत: जनभावना, पृष्ठे ९२.’

ती ब्याण्णव पानं मीच तयार केली. चौसष्ट गटांतून आलेले अंगठे एकेक करून नावानिशी उतरवून घेतले. एकूण चार हजार तीनशे बारा. सरपंच संगप्पांचा आहे, तिन्ही घरांचे मिळून तीन. माझाही आहे, मी तो उतरवताना पाहिला. पान एकेचाळीसवर लातूरच्या आदर्शरावांचा आहे. सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी, दुकानाच्या उद्घाटनाला आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला दिला, त्याच दमात त्यांनी बायकोलाही देऊन टाकला होता.

बाईंनी ती पानं माझ्या टेबलासमोर उभं राहून वाचली. एकेचाळीसवर थोडं थांबल्या. मग शेवटपर्यंत वाचून त्यांनी विचारलं, “ह्यातल्या बाकीच्या लोकांना मी ओळखत बी न्हाई. हे कोण हायत?”

मी त्यांना, वाचकहो, तुमचं नाव दाखवलं.