तिसऱ्यांची वॉरंटी

सगळा दोष कॉन्स्टान्सियोचा, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. कॉन्स्टान्सियो म्हणजे माझा मेहुणा. मूळचा आरोंद्याचा, आता म्हापशाला असतो. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे जेवताना त्याच्या दाताखाली तिसऱ्यांतली, म्हणजे खायच्या शिंपल्यांतली, रेती आली. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर मयताला जमलेल्या माणसांनाही तो सांगतो, "नेव्हिलच्या घरात जेवूक जाशात तर दात घरात ठेवून जावा."

तो पुन्हा रविवारी जेवायला येणार होता. सेलिना, म्हणजे माझी बायको, आईला बघायला आरोंद्याला गेली होती आणि भावाला घेऊनच परतणार होती. मी ठरवलं, की या वेळी तिसऱ्या मी आणायच्या, मी धुवायच्या आणि रेतीचा हा कलंक कायमचा पुसून टाकायचा.

शनिवारी मासे विकणाऱ्या मथुराबाईंनी तीन किलो तिसऱ्या तोलून दिल्या आणि बजावलं, "सर, सात पाण्यान धुवूक व्हये हां, नायतर रेती दातात येतली."

दुसऱ्याच पाण्याला माझी कंबर धरली. तिसऱ्या पाण्याला नजर मोरीच्या कोपऱ्यात गेली. तिथे सेलिनाचं वॉशिंग मशीन उभं होतं, अंगावर तिनेच विणलेलं क्रोशाचं पांढरं झाकण घालून. पाणी भरतं, घुसळतं, सोडतं, पुन्हा भरतं. सात पाण्यांसाठीच जन्माला आलेली वस्तू! (मी निवृत्त शिक्षक आहे. अशा वेळी मला थांबवणारं घरात कोणीतरी असावं लागतं.)

मी अगदीच मूर्ख नाही. तिसऱ्या सुट्या टाकल्या नाहीत, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत बांधून टाकल्या. साबणही घातला नाही. आणि प्रोग्रॅम लावला 'डेलिकेट'.

पहिली पाच मिनिटं इतकी छान गेली, की आजवर हे कोणाला कसं सुचलं नाही याचं मला नवल वाटलं. मग पिशवी फाटली असावी. आतून कोणीतरी डब्यात खडे घालून डबा आपटतंय असा आवाज आला, जळका वास आला आणि मशीन गप्प झालं. पुढचे दोन तास मी त्यात कमरेपर्यंत वाकून तिसऱ्या वेचल्या. सगळ्या मिळाल्या असं मला वाटलं. (मोजल्या नव्हत्या.)

रविवारी कॉन्स्टान्सियोने तीन ताटल्या संपवल्या. "नेव्हिल, रेतीचो कण नाय रे! काय केलंस?"

"मन लावून धुतलंय," मी म्हणालो. त्याच क्षणी खरं सांगितलं असतं तर फक्त हसू झालं असतं. पण चार वर्षांनी मिळालेली शाबासकी हातातून सोडवेना.

सोमवारी मोरीतून हाक आली. "नेव्हिल! मशीन चालना नाय रे! तू काय केलंस?"

"मी? मी हात पण लावूक नाय."

सेलिना बराच वेळ मशीनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वॉरंटी आसा. एक महिनो रवलो हा." आणि तिने फोन केला.

कुडाळहून कंपनीचा मेकॅनिक आला. दारातच त्याने हातातली बॅग खाली ठेवली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. "सर, माका वळाखलात? मी पिंगुळीचो लवू. टेपरेकॉर्डरवालो."

ओळखलं. सातवीत असताना लवूने शाळेचा टेपरेकॉर्डर आत काय आहे ते बघायला उघडला होता आणि तो परत जोडता आला नव्हता. कोणी पाहिलेलं नसताना तो स्वतः येऊन कबूल झाला. हेडसरांनी त्याला छड्या मारल्या आणि मी त्याला सगळ्या वर्गासमोर पेन बक्षीस दिलं. (मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे होता. पहिलं मूल्य, सत्य.) त्या पेनामुळेच आपण या लाइनीत आलो, असं तो आता सेलिनाला सांगत होता. मी उगाच पंखा वाढवला.

त्याने मशीन उघडलं, पंप काढला आणि दोन बोटांत धरून काहीतरी उजेडात आणलं.

"सर, ह्यो शिंपलो खंयसून इलो?"

"खिशातसून पडलो असतलो," मी म्हणालो. "माका शिंपले जमवूची आवड आसा."

"कधीपासून?" सेलिनाने विचारलं. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली आहेत.

"हल्लीच," मी म्हणालो.

लवूने फॉर्म काढला. त्यात प्रश्न होता, बाहेरची वस्तू सापडली का? हो किंवा नाही. त्याचं पेन तिथे थांबलं. "सर, 'हो' लिवलंय तर कंपनी वॉरंटी देवची नाय. पण एका शिंपल्यान मोटर जळना नाय. मशीनच खराब इला असतला." तो हसला. "आणि तुमी काय खोटा सांगूचे नाय, ता माका म्हायत आसा."

त्याने 'नाही'वर खूण केली. मी बघत होतो. तोंड उघडायला मला अख्खं मिनिट मिळालं होतं आणि त्या मिनिटात मी म्हणालो, "चाय घेतंस?"

आठवड्याने नवा ड्रम, नवी मोटर, सगळं फुकट बसवून मिळालं. सेलिना मात्र मशीन लावेना. पाठ दुखत असतानाही कपडे दगडावर हाताने धुवायची. विचारलं तर म्हणायची, "आसू दे, सवय आसा."

मग कुडाळच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. मॅनेजर तेजस्वी मॅडम. "सर, तुमचा जुना ड्रम आम्ही उघडला. एक्केचाळीस शिंपले निघाले. त्यातला एक अजून बंदच आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि फॉर्मवर लवूने बाहेरची वस्तू नाही असं लिहिलंय. ग्राहकाशी संगनमत दिसतंय. चौकशी होईपर्यंत त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय."

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. माझी नोकरी संपलेली, पेन्शन चालू. लवूची मात्र जाणार होती, आणि ती एका शिंपल्यापायी नाही, माझ्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कुडाळ गाठलं. वाटेत मी विचार केला. आता पूर्ण खरं सांगितलं तर शिंपला दिसूनही लवूने 'नाही' लिहिलं हे उघड होणार. म्हणजे लवूला वाचवायचं तर आणखी एकदा खोटं बोलणं भाग आहे, पण हे खोटं परोपकाराचं. (मूल्यशिक्षणात परोपकारही होता.)

"मॅडम," मी टेबलापुढे उभा राहून म्हणालो, "लवू यायच्या आधीच वरचे शिंपले मी काढून लपवले होते. त्याला आत काहीसुद्धा दिसलं नाही. तो निर्दोष आहे."

तेजस्वी मॅडमनी एक कागद माझ्याकडे सरकवला. लवूचं अक्षर मी ओळखलं. र अजून तसाच पोट फुगवून काढतो. 'ग्राहक माझे शाळेतले सर आहेत. पंपात एक शिंपला मिळाला होता. तो सरांच्या खिशातून पडला होता. मी हो लिहायला पाहिजे होते. चूक माझी आहे, सरांची नाही.'

"काल संध्याकाळी स्वतः येऊन देऊन गेला," मॅडम म्हणाल्या. "आता मी कुणाचं खरं धरू?"

मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. मेहुणा, रेती, कांद्याची पिशवी. मॅडम लिहून घेत होत्या. मध्येच त्यांनी मान वर न करता विचारलं, "प्रोग्रॅम कुठला होता?"

"डेलिकेट."

मागच्या टेबलावर कोणीतरी चहा सांडला.

पार्टचे सगळे पैसे मी भरायचे असं ठरलं. लवूची नोकरी राहिली, पण तीन महिने त्याला वॉरंटीची कामं मिळणार नाहीत. "खरं लिहून दिलं म्हणून तीनच महिने," मॅडम म्हणाल्या. खरं बोलून त्याने शिक्षा घेतल्याची ही दुसरी वेळ, आणि दोन्ही वेळा मी तिथेच होतो. या वेळी तर द्यायला माझ्याजवळ पेनसुद्धा नव्हतं. परतीच्या एसटीत मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

घरी येऊन सेलिनाला सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. ती पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरले. "माका वाटला, माझ्या गोधडीन मोडला. शुक्रवारी आरोंद्याक जावच्या आदी मी जड गोधडी घातलेलंय. म्हणून मी हात लावी नाय होतंय."

इतके दिवस ती दगडावर कपडे आपटत होती ते माझ्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून. तिसऱ्या धुणं मला जमलं नाही ते ठीक, पण हे मला समोर बसून दिसलंही नाही.

शनिवारी लवू बिलाचा नवा फॉर्म घेऊन आला. मी दारातच म्हणालो, "लवू, मी चुकलंय. तुझा नुकसान केलंय."

तो चपला काढून आत आला, खुर्ची ओढून बसला आणि फॉर्म मांडीवर घेतला. "सर, बाहेरची वस्तू?"

"तिसऱ्या. तीन किलो."

"कोणी घातल्यान?"

"मी."

"हात बांधून नको सांगा सर, बसा." मी हात कधी बांधले ते मला कळलंच नव्हतं. मी बसलो. त्याने सगळं सावकाश लिहिलं आणि शेवटी 'शेरा' नावाच्या रकान्यात एक ओळ लिहिली. वीस वर्षं प्रत्येक प्रगतिपुस्तकात मी जी लिहीत आलो, तीच. 'सुधारणेस वाव आहे.'

मी सहीसाठी हात पुढे केला. लवूने फॉर्म माझ्या हाताला वळसा घालून सेलिनाकडे दिला. "बाई, हयसर पालकांची सही."

सेलिनाने चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि सही केली.