काकाजी मचाणाची जागा शोधतात

वासुदेव काकाजी सीताबर्डीच्या भर गर्दीत स्कूटर थांबवतात आणि मान वर करून पाहत राहतात. मागचे ऑटोवाले हॉर्न वाजवतात, एखादा शिवीही हासडतो. काकाजींच्या कानापर्यंत ते पोचत नाही. त्यांची नजर रस्त्याकडेच्या कडुनिंबावर असते. मग मागे बसलेल्या मला सांगतात, "जागा बरी आहे मास्तर, पर पाठीमागं फांदी नाही. आपण उघडे पडतो."

उघडे पडतो म्हणजे हरणांना दिसतो. सीताबर्डीत हरणं नाहीत हे काकाजींना माहीत आहे. पण झाड दिसलं की त्यावर मचाण कुठं बसेल, हे ठरवल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नाही.

ते माझे शेजारी. बत्तीस वर्षं लाइनमन होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. अजूनही जिना चढताना त्यांचे पाय खांब धरल्यासारखे तिरपे पडतात. आमच्या गल्लीतले बाकीचे रिटायर लोक फिरायला जातात, योगासनं करतात. काकाजींनी मचाणाची विद्या धरली. ती त्यांच्या आजोबांची. आजोबा खाप्याकडच्या जंगलात धनुष्यबाणानं शिकार करायचे. "आज्याची सारी विद्या मले आली," काकाजी अभिमानानं सांगतात, "फक्त तीर नाही आला." शिकारीला कायद्यानं बंदी आहे, आणि काकाजींनी आयुष्यात साधी कोंबडीही मारलेली नाही. तरी हरणाच्या नकळत त्याच्यापासून वीस पावलांवर कसं बसायचं, यावर ते तासभर बोलू शकतात.

त्यांच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची एक रिकामी डबी असते आणि तिच्यात चाळलेली राख. चिमूटभर राख हवेत सोडायची, ती जिकडं जाईल तिकडं वारा. "झाड मागून पाहाचं. पहिले हवेले विचाराचं." सदरला एका लग्नात त्यांनी बुफेच्या टेबलाजवळ राख उडवली. शेजारच्या बाई चार पावलं मागं सरकल्या. काकाजींनी दोन खुर्च्या उचलून कोपऱ्यात नेल्या आणि मला बोलावलं. म्हणाले, "इथं जिलबीचा वास आपल्याकडं येते, आन आपला वास नातेवाईकायकडं जात नाही." त्या संध्याकाळी आम्हाला खरंच कोणीही गाठलं नाही. जिलबी मात्र गरम मिळाली.

खाप्याजवळ त्यांचं वडिलोपार्जित वावर आहे. धाकटा भाऊ शंकर ते करतो. नाल्यापलीकडं जंगल, त्यामुळं थंडीत हरभरा वर आला की चितळांचा कळप आलाच. यंदा दिवाळीच्या आधी शंकर काकाजींच्या घरी आला, तेव्हा मीही चहाला बसलो होतो.

"दादा, यंदा कुंपणाच्या तारेत करंट सोडू," शंकर म्हणाला. "तुले जोडाले किती वेळ लागते? नाहीतर हातात काही येत नाही."

"नाही," काकाजी म्हणाले.

एवढंच. एका शब्दात त्यांनी उत्तर दिल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. शंकरनं कप खाली ठेवला. मग काकाजी म्हणाले, "हा एक हंगाम मले दे. मी मचाण बांधतो आन राखण करतो. हरभरा गेला तर पुढच्या साली तुह्या मनासारखं."

शंकरनं मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात काकाजी घराला कुलूप लावून वावरात राहायला गेले.

पुढच्या बातम्या मला फोनवर कळत होत्या. पहिलं मचाण आंब्यावर बांधलं. आंब्यात लाल मुंग्या निघाल्या आणि काकाजी शिडी न वापरता खाली आले. दुसरं पळसावर. फांदी मोडली आणि मचाणाची बाज दोन दिवस हवेत लटकत राहिली. शंकर म्हणाला, नाल्याकाठच्या मोहावर बांध, सगळी जनावरं तिथंच येतात. काकाजींना ते पटलं नाही. "ज्याच्या पंगतीची जागा आहे, त्याच्या डोक्यावर बसू नाही," ते मला म्हणाले. मग आठ दिवस सकाळ-संध्याकाळ राख उडवून त्यांनी एक बेहडा निवडला. पाठीशी दाट फांद्या, सूर्य डोळ्यांवर येत नाही, झाडापर्यंत जायची वाट जनावरांची वाट कुठंही कापत नाही. फोनवर त्यांचा आवाज नवरदेवाच्या बापासारखा लागत होता.

जानेवारीतल्या एका रविवारी मी तिकडं गेलो. दुपारी चारला आम्ही वर चढलो. मचाण खरोखर सुरेख होतं. हाकलण्यासाठी तेलाचा रिकामा डबा आणि काठी ठेवली होती. त्या दोन्हींवर धूळ बसली होती. ती पाहून मला पहिली शंका आली.

काकाजींनी राख सोडली. ती सरळ आमच्या तोंडावर आली.

मी गणिताचा मास्तर. जरा वेळ विचार केला आणि हळूच म्हणालो, "काकाजी, वारा नाल्याकडून आपल्याकडं येतो. म्हणजे हरणांना आपला वासच लागणार नाही. त्यांना पळवायचं असेल तर मचाण दुसऱ्या टोकाला पाहिजे ना?"

काकाजींनी डबी बंद करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

"मग इथं काहून?"

"रिटायर झालो त्याच साली शंकरनं तारेत करंट मागतला होता. मी जोडून देल्ला. माह्या हातानं." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "दुसऱ्या दिवशी सकाळी तारेपाशी पाडस पडून होतं. त्याची माय दुपारपर्यंत तिथून हलली नाही. मी गेलो का थोडी मागं सरके, मी फिरलो का परत ये. तिच्या कानाले चीर आहे, त्यानं ओळखू येते. मी त्याच दिवशी तार काढून टाकली. पर ते मेल्यावर."

मी डब्यावरच्या धुळीकडं पाहिलं.

"म्हणून पाहाचं होतं मले," ते म्हणाले. "तिले दुसरं झालं का नाही. गेल्या साली जागा सापडली नाही. यंदा ती रोज कळपासंग येते, पर पाडस दिसत नाही."

साडेपाचच्या सुमाराला नाल्यातून चितळं वर आली. सात-आठ होती. हरभऱ्याच्या आधी लाखोळीचा, म्हणजे लाखेच्या डाळीचा, एक हिरवागार पट्टा होता, तिथंच ती थांबून खाऊ लागली. चिरलेल्या कानाची मादी सगळ्यांच्या मागं होती. ती काठावर उभी राहिली, तिनं मागं वळून पाहिलं, आणि गवतातून एक पाडस बाहेर आलं. उंच पायांचं, ठिपक्या-ठिपक्यांचं. ते थेट तिच्या पोटाखाली शिरलं.

काकाजींनी माझं मनगट धरलं. खांबावर बत्तीस वर्षं चढलेल्या माणसाची ती पकड होती. मी हात सोडवला नाही.

थोड्या वेळानं एक नर लाखोळी ओलांडून हरभऱ्यात शिरला. काकाजींनी डब्याकडं पाहिलं, मग तोंडावर मूठ धरून खोकले. पाहुणा दारात आहे हे कळावं इतपतच. कळपानं माना वर केल्या आणि तो सावकाश नाल्यात उतरून गेला. पाडस शेवटी गेलं, आईला चिकटून.

खाली शंकर येऊन उभा होता.

"आले होते का, दादा?"

"हौ," शिडीवरून उतरता उतरता काकाजी म्हणाले. "एक वाढलं."

शंकरनं नाल्याकडं पाहिलं. "मग पुढच्या साली लाखोळीच्या दोन ओळी आणखी पेराव लागते," तो म्हणाला. "मी पेरला तेवढ्या पट्ट्यात त्यायचं भागत नाही. मी पाह्यतो ना रोज."

काकाजींना अजून तीन पायऱ्या उतरायच्या होत्या. ते तिथंच थांबले, आमच्याकडं पाठ करून, दोन्ही हातांनी शिडी धरून. आम्हीही त्यांना घाई केली नाही.